निजामाचा कॅप्टन : मेडोज टेलरच्या हुद्द्याची गोष्ट

नांदेडहून अर्धापूर, वारंगा फाटा, कळमनुरी असा जो रस्ता हिंगोलीकडे जातो, त्याच्या टोकाला एकोणिसाव्या शतकात एक मोठी लष्करी छावणी होती. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर आणि हैदराबादजवळचे बोलारम ही निजामाच्या त्या फौजेची ठाणी. फौज निजामाची, पगार निजामाच्या खजिन्यातून आणि हुकूम मात्र इंग्रज रेसिडेंटचा, असा हा विचित्र कारभार होता. हीच फौज पुढे हैदराबाद कंटिन्जंट या नावाने ओळखली गेली. या फौजेत साडेतीन दशके नोकरी केलेला एक अधिकारी जगभर ठाऊक झाला, तो तलवारीमुळे नव्हे तर लेखणीमुळे. ठगांच्या कबुलीजबाबावर बेतलेली त्याची कादंबरी आजही वाचली जाते. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलरचे नाव घेतले की ठग आठवतात. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग भागात किल्ल्यातील साहेब आठवतो. पण त्याच्या आयुष्याला आणखी एक पदर आहे, आणि तो फारसा उलगडला जात नाही. हा माणूस जन्मभर अधिकारी होता. मात्र ज्यांच्या पंक्तीला तो बसत होता, त्यांच्या दृष्टीने तो पुरता अधिकारी कधीच नव्हता.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी. शाळा अर्धवट सुटली आणि मुलगा एका व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकुनीला लागला. मुंबईतील बॅक्स्टर नावाच्या एका व्यापाऱ्याने त्याला आपल्या पेढीत घेण्याचे आणि वयात आल्यावर भागीदार करण्याचे आश्वासन दिले. त्या भरवशावर १८२४ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, तो मुंबईच्या बंदरात उतरला. उतरल्यावर कळले की पेढीच डबघाईला आली आहे. परक्या मुलखात, हाताशी पैसा नाही आणि परतीचा मार्ग सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाचा. मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे आईच्या नात्यातील. त्यांनी खटपट करून मुलाला निजामाच्या फौजेत लेफ्टनंटची सनद मिळवून दिली. सोळा वर्षांचा हा लेफ्टनंट औरंगाबादच्या छावणीत दाखल झाला.

ही सनद म्हणजे नशिबाने उघडलेले दार होते, यात संशय नाही. परंतु त्या दाराची चौकट ठेंगणी होती. निजामाच्या या फौजेत गोरे अधिकारी दोन प्रकारचे असत. एक, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातून काही काळापुरते उसने घेतलेले. दुसरे, इथेच नेमलेले. त्यांना स्थानिक अधिकारी म्हणत. दोघांचा गणवेश सारखा, कवायत सारखी, मेजवानीचे टेबलही एकच. कंपनीच्या अधिकाऱ्यामागे मात्र त्याची मूळ पलटण असे, तिथली ज्येष्ठता असे, बढतीचा ठरलेला क्रम असे. इथे बिनसले तर तो आपल्या पलटणीत परत जाई. स्थानिक अधिकाऱ्याला असे माघारी जाण्याचे घर नव्हते. त्याचा हुद्दा निजामाच्या हद्दीपुरता. हद्दीबाहेर कंपनीच्या सैन्यात त्या हुद्द्याला वजन नव्हते. मुलकी खात्यातही हीच तऱ्हा. कंपनीशी करार करून आलेले सनदी अधिकारी वरच्या पायरीवर आणि करार नसलेले खालच्या. टेलर लष्करातही खालचा आणि मुलकी कामातही खालचा. या दुहेरी उणेपणाचे ओझे त्याने सुमारे ३५ वर्षे वाहिले.

अर्थात उतरंड इथेच संपत नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. ज्या शिपायांवर टेलर हुकूम चालवत होता, त्यांच्यात चाळीस-चाळीस वर्षे नोकरी केलेले, लढाया पाहिलेले सुभेदार आणि जमादार होते. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ सुभेदारालाही काल आलेल्या मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या पोरापुढे टाच जुळवावी लागे. टेलरला आपल्या डोक्यावरचे छप्पर ठेंगणे वाटत होते. देशी अधिकाऱ्याला तर उभे राहण्याइतकीही जागा नव्हती. पगार थकणे हा या फौजेचा जुनाच रोग. हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी फौजेच्या पगारासाठी निजाम सरकारला चढ्या व्याजाने पैसा पुरवी. रेसिडेंट सर चार्ल्स मेटकाफ याने तिच्यावर टाच आणली आणि पेढी बुडाली. या पामर घराण्याशी टेलरचा पुढे निकटचा संबंध आला.

कनिष्ठ अधिकाऱ्यापुढे दोन वाटा असतात. नशिबाला बोल लावत छावणीतील पत्ते, शिकार आणि मद्य यांत दिवस घालवायचे, ही पहिली. टेलरने दुसरी धरली. तो मुन्शी लावून भाषा शिकला. हिंदुस्थानी बोलू लागला, फारसी वाचू लागला, मराठी आणि पुढे कानडी मुलखात वावरताना लोकांच्या तोंडची बोली उचलू लागला. साहेबाच्या हुकमाची हिंदुस्थानी आणि माणसांत बसून बोलायची हिंदुस्थानी यांतला फरक त्याला कळत होता. भाषेच्या जोरावरच विशी गाठण्याआधी त्याला पोलीस आणि मुलकी देखरेखीचे काम मिळाले. तुळजापूर परिसरात त्याचा मुक्काम पडला. बालाघाटाच्या कड्यावरून दिसणारा सोलापूरकडचा सपाट मुलूख, भवानीच्या यात्रेची गर्दी, पुजारी, आराधी, मुरळ्या हे सगळे त्याने या काळात जवळून पाहिले.

आणि इथेच त्याच्या आयुष्यातील पहिला मोठा हिरमोड झाला. रस्त्याने जाणारे प्रवासी बेपत्ता होत होते. प्रेते सापडत होती, गुन्हेगार सापडत नव्हते. टेलर चौकशीचे धागे जुळवत होता. तेवढ्यात हैदराबादेत राज्य बदलले. मे १८२९ मध्ये सिकंदर जाह वारला आणि नासिरुद्दौला गादीवर आला. आपल्या मुलखातील कारभारातून इंग्रज अधिकारी काढून घ्यावेत, अशी मागणी नव्या निजामाने केली आणि कंपनीने ती मान्य केली. निजामाच्या बाजूने पाहता मागणी रास्तच होती. पण तिच्यापायी टेलरची जागाच रद्द झाली. तपास अर्धवट टाकून त्याला पलटणीत परतावे लागले. पुढच्याच एक-दोन वर्षांत जबलपूरकडे विल्यम स्लीमनने ठगांच्या टोळ्या उघडकीस आणल्या आणि ठगांचा कर्दनकाळ म्हणून तो इतिहासात गेला. आपण आणखी थोडा काळ त्या जागेवर असतो तर, ही रुखरुख टेलरला आयुष्यभर होती. आठवणी लिहिताना उतारवयातही त्याने ती लपवली नाही.

ठगांचे प्रकरण पुढे हिंगोलीपर्यंत आले, तेव्हा छावणीची झोप उडाली. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणीत राहत होता. गोरे अधिकारी त्याच्याकडून माल घेत. टेलरनेही घेतला होता. हा हरिसिंग त्या भागातील ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला. तो माल प्रत्यक्षात हिंगोलीजवळच्या एका गावातील व्यापाऱ्याचा होता आणि व्यापारी स्वतः मालाबरोबर येत होता. हरिसिंगने वाटेत त्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना ठार केले, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांवर माणसांचे गळे आवळले गेले होते, पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर प्रेते पुरली गेली होती. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या आणि खड्डे उकरले गेले, तेव्हा टेलर तिथे उभा होता. रोज सकाळी कवायत, सायंकाळी हजेरी, रात्री पहारा अशी शिस्त पाळणाऱ्या फौजेच्या नाकाखाली हे घडले होते. ठगीसंबंधीच्या इंग्रजी वर्णनांत अतिशयोक्ती बरीच होती आणि तिचा उपयोग कंपनीने आपली सत्ता पसरवण्यासाठी केला, असे अलीकडचे अनेक इतिहासकार मानतात. हिंगोलीतील ते खड्डे मात्र टेलरने स्वतः पाहिले होते.

पलटणीत तो अ‍ॅडज्युटंट झाला. अ‍ॅडज्युटंट म्हणजे हजेरीपट, शिक्षा, रजा, तक्रारी, गणवेशाची बटणे आणि वरिष्ठांची मर्जी यांचा धनी. काम अखंड, मान बेताचा. १८३२ मध्ये त्याने मेरी पामर हिच्याशी विवाह केला. ती त्या बुडालेल्या पेढीचे मालक विल्यम पामर यांची मुलगी. विल्यम पामर हे जनरल पामर आणि एक मुघल घराण्यातील बेगम यांचे पुत्र. स्वतः पामरही तरुणपणी निजामाच्या फौजेत अधिकारी होते, आणि त्यालाही कारण होते. आई-बाप दोघेही युरोपीय नसतील तर कंपनीच्या सैन्यात अधिकारी होता येणार नाही, असा नियम कंपनीने १७९० च्या दशकात केला होता. अशांनी बँडपथकात ढोल-बासरी वाजवावी, एवढीच सवलत होती. त्यामुळे मिश्र रक्ताचे कर्तबगार तरुण निजाम, शिंदे, होळकर यांच्या फौजांकडे वळले. टेलरने या घरात सोयरीक केली, ती सासऱ्याची दौलत आणि वजन दोन्ही गेल्यानंतर. बढतीवर डोळा ठेवणाऱ्या माणसाने हे लग्न केले नसते.

प्रकृती खालावल्याने तो दीर्घ रजेवर विलायतेस गेला. तिथे १८३९ मध्ये त्याची ठगावरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि एका रात्रीत तो नामांकित झाला. व्हिक्टोरिया राणीला पुस्तक छापून होईपर्यंतही धीर धरवेना. तिने छपाईचे कच्चे कागदच मागवून घेतले. या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या नावामागे कॅप्टन हा हुद्दा होता आणि नावापुढे, निजामाच्या सेवेतील, असा खुलासा. राणीने वाचलेल्या लेखकालाही आपण कंपनीचे कॅप्टन नाही हे छापून सांगावे लागत होते. लंडनमधील दिवाणखान्यांत मानाने बोलावला जाणारा टेलर १८४० मध्ये परतला तो पुन्हा त्याच पलटणीत, त्याच पायरीवर. त्याच वर्षापासून तो टाइम्स या वृत्तपत्रासाठी वार्तापत्रेही लिहू लागला आणि १८५३ पर्यंत लिहीत राहिला.

त्याला खरा वाव मिळाला तो १८४१ च्या अखेरीस. कृष्णा आणि भीमा यांच्या दुआबात शोरापूर म्हणजे सुरपूर हे बेडर नायकांचे छोटे संस्थान. राजा लवकरच वारला, वारस व्यंकटप्पा नायक अगदी लहान, राणी ईश्वरम्मा करारी, दरबारात तट आणि निजामाच्या खंडणीची बाकी डोक्यावर. रेसिडेंट जनरल फ्रेझर याने टेलरला तिथे धाडले. दिमतीला दुसरा गोरा अधिकारी नाही. सुमारे बारा वर्षे टेलरने हे संस्थान सांभाळले. कर्ज फेडले, तलाव आणि रस्ते बांधले, वसूल वाढवला. याच काळात, १८४४ मध्ये, मेरी वारली. मुली विलायतेत. डोंगरावरील बंगल्यात तो एकटा राहिला, आसपासच्या महापाषाणयुगीन दफनांचा अभ्यास करीत राहिला. लोक त्याच्या पालखीभोवती जमत आणि लहानगा राजा त्याला अप्पा म्हणे. सरकारी हुद्द्याने जो मान दिला नाही, तो त्याला इथे मिळाला. त्याच्या कारभाराचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही, ती म्हणजे हे सगळे राणीच्या अधिकाराला कात्री लावून झाले. ईश्वरम्माला तो उपरा, ढवळाढवळ करणारा माणूस वाटत होता आणि तिच्या जागेवरून ते खोटे नव्हते.

१८५३ मध्ये राजा वयात आला आणि टेलरचे काम संपले. त्याच वर्षी फौजेच्या थकलेल्या पगाराच्या देण्यापोटी निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत कंपनीकडे लावून दिले. ज्या फौजेवर निजामाची हुकमत नव्हती, तिच्या खर्चासाठी त्याला मुलूख द्यावा लागला. धाराशिवचा पश्चिम भाग टेलरकडे आला. मुख्य ठाणे नळदुर्ग. बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल असलेल्या त्या किल्ल्यातच त्याने मुक्काम ठेवला. जमिनीची मोजणी, साऱ्याची आकारणी, रस्ते, तलाव, कचेऱ्या असे सगळे काम शून्यातून उभे करायचे होते. हे सारे तो करत होता, पण करार केलेला सनदी अधिकारी नसल्याचा शिक्का काही पुसला गेला नव्हता. त्याच्या वयाचे, त्याच्याहून कमी जाणणारे लोक केवळ योग्य दाराने आत आले म्हणून वर बसले होते. टेलरच्या आठवणींत याविषयी आदळआपट नाही; एक सोसलेला, सभ्य कडवटपणा मात्र जागोजाग आहे.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा त्याची नेमणूक वऱ्हाडात, बुलढाण्याकडे करण्यात आली. हाताशी फौज नव्हती. गावोगावच्या पाटील-देशमुखांशी असलेला परिचय आणि भाषा एवढ्या भांडवलावर त्याने जिल्हा शांत राखला. कंटिन्जंटमध्ये मात्र ठिणगी पडली होती. मोमिनाबादहून औरंगाबादला आणलेला पहिला रिसाला जून १८५७ मध्ये बिथरला. आपण निजामाचे नोकर, दख्खनबाहेर दिल्लीवर चालून जाणे आपल्या करारात नाही, अशी या स्वारांची भावना होती. जनरल वुडबर्नच्या सैन्याने बंड मोडले आणि अनेकांना प्राणास मुकावे लागले. आपण नेमके कुणाचे चाकर, हा प्रश्न टेलरने तीन दशके मनात दाबला होता. स्वारांनी तो विचारला आणि त्याची किंमत मोजली.

यानंतर जे घडले ते टेलरच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रकरण होय. फेब्रुवारी १८५८ मध्ये शोरापूरचा राजा व्यंकटप्पा नायक उठला. उठाव फसला, राजा हैदराबादेत पकडला गेला. टेलर तुरुंगात जाऊन त्याला भेटला. चिथावणी देणाऱ्यांची नावे सांग, म्हणजे शिक्षेत सूट मिळेल, असा मार्ग सुचवला गेला. राजाने नावे सांगण्यास नकार दिला. मरायचेच असेल तर चोरासारखे फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढेच त्याचे मागणे होते. चोविशीच्या आतबाहेरच्या या तरुणाला आपला हुद्दा काय आणि त्याला साजेसे मरण कोणते, याची स्पष्ट जाण होती. मृत्युदंड बदलून आधी जन्मठेप आणि मग चार वर्षांची कैद झाली. वर्तन पाहून राज्य परत देण्याचीही शक्यता ठेवण्यात आली. पण कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेत मुक्कामावर पहाऱ्याच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा मरण पावला. ती त्याने स्वतःच झाडून घेतली, असे दप्तर सांगते. ज्याला लहानाचा मोठा होताना पाहिले, त्याच्या संस्थानाचा ताबा घेण्याचे काम सरकारने टेलरवरच सोपवले. त्याने ते पार पाडले. हुकूम पाळण्याची सवय किती खोल रुजते, याचा याहून बोचरा दाखला त्याच्या चरित्रात दुसरा नाही.

थकलेला टेलर १८६० मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. डब्लिनजवळ राहून त्याने पुन्हा लेखणी हाती घेतली. १८६३ मध्ये तारा ही कादंबरी आली. तुळजापूर, नळदुर्ग, अफझलखानाची स्वारी आणि शिवाजी महाराजांच्या हातून झालेला त्याचा वध हा तिचा पट. नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची विधवा मुलगी. १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने त्याने तीन कादंबऱ्या रचल्या. तिसरी, सीता, १८७२ मध्ये आली. तिच्यात इंग्रज अधिकारी एका हिंदू विधवेशी विवाह करतो आणि गोऱ्यांच्या समाजात तिला मिळणारी वागणूक हा कथेचा कणा आहे. मेरीला जाऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती.

सरकारने १८६९ मध्ये त्याला स्टार ऑफ इंडियाचा किताब दिला. पुस्तकांवरील कॅप्टनचा कर्नल झाला, तो नोकरी संपून वर्षे लोटल्यावर. १८७५ मध्ये त्याची दृष्टी गेली. हिवाळा उबदार हवेत काढावा म्हणून तो पुन्हा हैदराबादेत आला. सालारजंगांच्या दरबारात त्याचे जुन्या स्नेह्यासारखे स्वागत झाले, पण तापाने त्याला गाठले. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेन्तों येथे १३ मे १८७६ रोजी त्याचे निधन झाले. त्याचे आत्मचरित्र मुलगी अ‍ॅलिस हिने पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले आणि चांदबिबीवरील अखेरची कादंबरी १८७८ मध्ये निघाली. तिच्या मुखपृष्ठावर नावामागे कर्नल आहे; निजामाच्या सेवेतील, हे शब्द नाहीत.